दुष्काळी गावाचे ओले नुकसान

केंदूरच्या माणसाला कुणी पावसाची भीती घातली तर तो हसेल. शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, पाबळच्या शेजारी वसलेले हे गाव. सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस इथे पोचतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही सलग नाही. वेळ नदीचे पात्र बरेच महिने कोरडे. थिटेवाडीच्या बंधाऱ्यात पाणी किती आहे, यावर गावाचा हंगाम ठरायचा. कान्हूराज महाराजांच्या देवळापाशी चार माणसे बसली तर बोलणे निघते टँकरचे, कालव्याच्या आवर्तनाचे, नाही तर बोअर किती फुटांवर गेली याचे. पाणी जास्त झाले ही तक्रार इथे क्वचितच ऐकू येते.

आणि नेमके म्हणूनच या भागात पाणी येते तेव्हा यंत्रांचे नुकसान जास्त होते. कोकणातला शेतकरी पावसाआधी महिनाभर तयारीला लागतो. घर शाकारतो, सरपण भरून ठेवतो, पडवीला झापा बांधतो. पाऊस येणार आणि चार महिने मुक्काम करणार, हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. आपल्याकडे दहा महिने ऊन. त्यामुळे मोटर विहिरीच्या काठावर उघडी, स्टार्टरची पेटी खांबाला तारेने बांधलेली, तिचे दार गेलेले, कांद्याच्या बराखीला एका बाजूने बारदान लटकवलेले, पेरणी यंत्र बाभळीखाली. ‘पाऊस कुठं पडतोय एवढा,’ हे उत्तर ठरलेले. मग एखाद्या संध्याकाळी दोन तासांत पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर भरायला नेणाऱ्यांची दुकानापुढे रांग लागते.

हा लेख त्या दोन तासांविषयी आहे. पिकाचे काय झाले, याची चर्चा वर्तमानपत्रात होते आणि ती व्हायलाच हवी. पण पीक उभे करणारी जी साधने आहेत, म्हणजे डीपी, मोटर, स्टार्टर, बराखी, सौर पाट्या, पंचायतीचे पाण्याचे पंप, त्यांच्यात शिरणाऱ्या ओलीचा हिशेब कुणीच ठेवत नाही. तो गावानेच ठेवायला हवा, असे आमचे म्हणणे आहे.

पावसाचे वेळापत्रक राहिले नाही

पूर्वी वळीव यायचा, पण त्याचा अंदाज असायचा. रोहिणी निघाल्या की लोक आवराआवर करायचे. मृगात पेरणी आणि हत्तीच्या पावसात शेवटचे भिजणे, असा क्रम होता. गेल्या दहा-बारा वर्षांत तो क्रम मोडला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दिवसामागून दिवस गारपीट झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावरून चढून पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांतून नाशिककडे गेले. पॉलिहाऊस फाटली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस, थंडीच्या तोंडावर, नाशिक जिल्ह्यात आणि आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यात गारांचा खच पडला. आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात पोचला. त्याआधीच दौंड, बारामती, इंदापूर या एरवी पावसाची वाट पाहणाऱ्या तालुक्यांनी मे महिन्यातच पूर पाहिला. निरा डावा कालवा फुटला.

या प्रत्येक वेळी एक गोष्ट समान होती. पाऊस आला तेव्हा तयारी झालेली नव्हती, कारण तारीख झालेली नव्हती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बराखीवर कागद टाकायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातच नव्हते. हिमालयातल्या लोकांना बर्फाची तारीख माहीत असते. लडाखमध्ये सौर पाट्या अधिक तिरक्या बसवतात, बर्फ घसरून जावा म्हणून. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर गारांसाठी जाळ्या ताणतात. आपल्याकडे बर्फ म्हणजे निफाडकडे किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या हिवाळ्यात गोठलेले दव. पण गार आणि ओल या दोन गोष्टी आता कुठल्याही महिन्यात दारात येऊन उभ्या राहतात. तयारी करायची तर ती तारखेवर न ठेवता कायमची करावी लागेल.

पंचनाम्यात मोटर नाही

नुकसान झाले की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक असे तिघे मिळून बांधावर येतात. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का, ते बघतात. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत पीक आहे, वाहून गेलेली जमीन आहे, पडलेले घर आहे, घराला जोडून असलेला गोठा आहे, दगावलेले जनावर आहे. मच्छीमाराची होडी आणि जाळेसुद्धा आहे, कारण ती त्याच्या पोटाची साधने आहेत. शेतकऱ्याच्या मोटरीला, स्टार्टरला, कांद्याच्या बराखीला मात्र तिथे स्वतंत्र रकाना नाही. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने जे पॅकेज जाहीर केले, त्यात बाधित विहिरींसाठी प्रत्येकी ३० हजार रुपये ठेवले. विहिरीचा विचार झाला, हे चांगलेच झाले. पण विहीर धरली आणि विहिरीवरची मोटर निसटली, असे यापुढे होऊ नये.

मागणी रास्त आहे आणि ती गावाने ग्रामसभेच्या ठरावाने करावी. होडी आणि जाळे धरता, तर मोटर आणि स्टार्टर का नाही, एवढा साधा प्रश्न त्या ठरावात असावा. पण ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसता येणार नाही. रकाना नाही म्हणजे भरपाई नाही, आणि भरपाई नाही म्हणजे जपणूक हाच एक मार्ग उरतो. त्यात समाधानाची बाब अशी की, ओल बाहेर ठेवायला लागणारा खर्च ओल आत गेल्यावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने फार थोडा असतो.

डीपी श्वास घेते

सुरुवात डीपीपासून करू, कारण ती एक गेली की दहा-पंधरा विहिरी एकदम बंद पडतात. कागदोपत्री तिला रोहित्र म्हणतात. आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांचे वेटोळे आणि ते बुडवून ठेवायला खनिज तेल असते. हे तेल दोन कामे करते. उष्णता बाहेर काढते आणि विजेला आडवे राहते. दुसरे काम ते करू शकते ते कोरडे असेपर्यंतच. नव्या तेलात पाण्याचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानकात वर्षानुवर्षे सांगितलेले होते. म्हणजे वीस लिटर तेलात जेमतेम एक मिलिलिटर पाणी. त्याच्यावर गेले की तेलाची ताकद झपाट्याने उतरते.

आता हे पाणी पत्र्याच्या बंद पेटीत शिरते कुठून? पाऊस वरून आत जातो असे बहुतेकांना वाटते. ते फुटलेल्या बुशिंगच्या किंवा सैल झाकणाच्या बाबतीत खरेही आहे. पण जास्त ओल जाते ती श्वासातून. शेतीची वीज ठरावीक तास असते. त्या वेळात सगळ्या मोटरी चालतात, डीपी तापते, तेल फुगते आणि वरच्या टाकीतली हवा बाहेर पडते. वीज गेली की तेल थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. रोज एक श्वास आत, एक बाहेर. मोठ्या डीपीला, म्हणजे ६३ किंवा १०० केव्हीएच्या, या श्वासाच्या वाटेवर एक काचेची बरणी बसवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. त्यात सिलिका जेलचे खडे असतात. आत जाणाऱ्या हवेतली ओल ते शोषून घेतात. खडे कोरडे असले तर निळे, ओले झाले की गुलाबी. नव्या प्रकारच्या खड्यांत कोरडा रंग नारिंगी असतो.

पुढच्या वेळी रानात जाल तेव्हा कुंपणाबाहेरून ती बरणी नुसती बघा. खडे गुलाबी दिसतील, नाही तर बरणी फुटलेली असेल, नाही तर बरणीच जागेवर नसेल. तसे असेल तर ती डीपी पावसाळाभर दमट हवा गिळत असते. बिघाड लगेच होत नाही. तो होतो माघात-फाल्गुनात, गव्हाला आणि उन्हाळी कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत, सगळ्या मोटरी एकदम चालू असताना. लोक म्हणतात, ‘लोड आला आणि डीपी उडाली.’ लोड आला हे खरे. पण तेल आधीच पातळ पडले होते, ते आषाढात.

काही शे रुपयांच्या खड्यांनी जे टळले असते, त्यासाठी मग वर्गणी, टेम्पो, हेलपाटे सुरू होतात. इथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. डीपी महावितरणच्या मालकीची आहे. ती दुरुस्त करणे, बदलणे हे त्यांचे काम आहे आणि वीज नियामक आयोगाने त्यासाठी मुदतही ठरवून दिलेली आहे. शेतकऱ्याने डीपीला हात लावायचा नाही. ११ हजार व्होल्टला दुसरी संधी नसते. आपण करायचे ते एवढेच की बघायचे, लिहायचे आणि लेखी कळवायचे. ‘डीपी क्रमांक अमुक, ब्रीदरचे खडे गुलाबी, तेल गळते आहे’ असा अर्ज शाखा कार्यालयात देऊन पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच अर्जावर लिहावा. जळाल्यानंतरच्या मोर्चापेक्षा जळण्याआधीचा अर्ज जास्त उपयोगाचा.

पेटी ओली, अर्थिंग कोरडे

मीटरच्या पुढची जबाबदारी मात्र पूर्णपणे आपली. तिथे महावितरणला नावे ठेवून चालणार नाही. विहिरीवरच्या दहा पेट्या उघडून पाहिल्या तर काय दिसते? दार नाही, वरून भोक पाडून केबल आत घेतलेली, आत पाल आणि मुंग्यांची माती, फ्यूजच्या जागी जाड तार, आणि संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट गंज. गंज चढला की तिथे विरोध वाढतो, तापते, एक फेज कमी मिळतो आणि दोन फेजवर चालून मोटर जळते. मिस्त्री सांगतो, ‘वायंडिंग गेलं.’ पण ते गेले पेटीमुळे.

पेटी नीट बसवायला इंजिनिअर लागत नाही. तिच्यावर हातभर पत्र्याची टोपी असावी. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो म्हणून दाराचे तोंड त्या बाजूला नको. केबल वरून आत न घेता खालून घ्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न जाता झोळावरून गळून पडते. केबलभोवतीची फट बुजवावी. तळाला दोन बारीक छिद्रे ठेवावीत, कारण आत साचलेला दमटपणाही बाहेर निघाला पाहिजे. दाराला रबराची पट्टी लावावी. एवढे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

एक जागा मात्र ओली हवी, ती म्हणजे अर्थिंगचा खड्डा. मीठ-कोळसा घालून केलेल्या त्या खड्ड्यात ओल असेल तरच फुटलेला करंट जमिनीत उतरतो. आपल्याकडे नेमके उलटे असते. पेटी ओली आणि अर्थिंग कोरडे. मग पहिल्या पावसात ओल्या पेटीला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या विजेच्या धक्क्याच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात टाकले पाहिजे. प्यायला पाणी नसताना खड्ड्यात कुठून टाकायचे, असे कुणी म्हणेल. धुण्याभांड्याचे टाकावे, तेही चालते.

आता ऑटो. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून जवळपास प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे. शेतकऱ्याची त्यात सोय आहे, हे नाकारता येत नाही. थंडीत रात्री दोन वाजता विहिरीवर कोण जाणार? शिवाय या भागात बिबट्याचे भय. पण वादळात वीज जाते, विहिरीचे पाणी चढून काठावरची मोटर भिजते, आणि पहाटे वीज आली की ऑटो त्या भिजलेल्या मोटरीला चालू करून टाकतो. मालक घरी झोपलेला. आणि वीज आली की डीपीवरच्या सगळ्याच मोटरी त्याच क्षणी ओढ घेतात, तो धक्का डीपीला वेगळा. महावितरण ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा असे कायम सांगते, ते यामुळे. कायमचा काढणे जमत नसेल तर निदान ढग भरून आले की मेन स्विच खाली घ्यावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजांची सूचना देते. घरात एकाच्या मोबाईलवर ते असले तरी पुरे.

आणि मोटर भिजलीच तर? चालू करून बघायचा मोह आवरा. ‘चालतीय का बघू’ म्हणून दाबलेल्या बटणाने जेवढ्या मोटरी जळतात, तेवढ्या पुराने जळत नसतील. नुसती भिजलेली मोटर वाळवून वाचते, भिजलेली चालवली की भरावीच लागते. ती उघडून गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, उन्हात आणि मग दुकानातल्या भट्टीत मंद आचेवर वाळवावी आणि मेगरने तपासावी. ५०० व्होल्टच्या मेगरवर वायंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये निदान एक मेगओहम दाखवले पाहिजे. त्याखाली असेल तर अजून ओल आहे. पाणबुडी मोटरीची गोष्ट वेगळी, तिच्या आत मुद्दाम पाणी भरलेले असते. पण तिचीही केबल, जोड आणि वरची पेटी कोरडीच लागते.

बराखीतली ओल कांद्याचीच

शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या पट्ट्यात कांद्याच्या चाळीला बराखी म्हणतात. ती शेतकऱ्याची बँक आहे. एप्रिलमध्ये भाव पडलेला असतो, म्हणून माल बराखीत घालायचा आणि पावसाळ्यात काढायचा. त्यामुळे बराखीत शिरलेली ओल म्हणजे नुसता सडका कांदा नव्हे, ते भावासाठी थांबण्याची ताकद जाणे आहे. ओल लागली की शेतकऱ्याला मिळेल त्या भावाने ट्रॅक्टर भरावा लागतो, आणि सगळ्यांचेच ट्रॅक्टर एकाच आठवड्यात भरले की भाव आणखी उतरतो.

राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ साली नाशिकला सुरू झालेले हे केंद्र १९९८ पासून आपल्या शेजारी आहे. साठवणीसाठी तापमान २५ ते ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, ही तिथली शिफारस आहे. हे आकडे काही यंत्र लावून पाळता येत नाहीत, ते बांधणीतून पाळायचे असतात. तळ जमिनीपासून दोन फूट वर आणि खालून हवा खेळती. ढिगाची उंची पाच फुटांच्या आत, रुंदी चार फुटांच्या आसपास. एक पाखी बराखी दक्षिणोत्तर, दोन पाखी पूर्व-पश्चिम. छपराचा पत्रा बाजूने निदान दोन-तीन फूट बाहेर आलेला. आणि छपराचे पाणी वाहून जायला भोवती चर.

बराखीत ओल दोन वाटांनी येते. एक झडीची, ती दिसते. दुसरी कांद्याने स्वतःबरोबर आणलेली, ती दिसत नाही. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडले नाही, रानात पातीसकट तीन-पाच दिवस वाळवले नाही, मान दोन-अडीच सेंटीमीटर न ठेवता बुडाशी कापली, सावलीत दहा-बारा दिवस सुकवले नाही, तर तो कांदा ओल घेऊनच आत जातो. त्यावर पावसाच्या भीतीने चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गच्च बांधला की आतली वाफ आतच राहते. रात्री पत्रा थंड पडतो, त्याला घाम सुटतो आणि तो थेंबाथेंबाने ढिगावर गळतो. बाहेर पाऊस नसतानाही कांदा भिजतो.

म्हणून कागद बांधायचा तर तो गुंडाळता येईल असा. वाऱ्याच्या बाजूला सोडावा, ऊन पडले की लगेच वर करावा. पत्र्यावर उसाचे पाचट टाकले तर दिवसाचा ताप आणि रात्रीचा घाम दोन्ही कमी होतात. ज्यांना नवी बराखी बांधायची आहे त्यांनी अनुदानासाठी ठरवून दिलेला नकाशा नुसत्या फोटोपुरता पाळू नये. त्यातले फूट आणि इंच ओलीचा विचार करूनच ठरवलेले आहेत.

सौर पाटी आणि लिंबाएवढी गार

गेल्या काही वर्षांत रानात एक नवीन वस्तू आली आहे, सौर पंप. कुसुम योजना आणि २०२४ पासूनची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांतून हे पंप बसत आहेत. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के. डीपीचा त्रास गेला म्हणून लोक खूश आहेत. पण पाटी उघड्या आभाळाखाली पंचवीस वर्षे राहायची आहे, हे ध्यानात ठेवावे.

पाटीची काच टणक असते. मानकानुसार २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून ती तपासतात. म्हणजे बोराएवढ्या गारेला ती दाद देत नाही. पण गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते, आणि मोठी गार पडतेही जास्त वेगाने. सगळे मिळून मार सोळापटीच्या घरात जातो. त्यामुळे मोठ्या लिंबाएवढ्या गारेपुढे काच टिकेलच असे नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका मोठ्या सौर प्रकल्पाच्या असंख्य पाट्या एका गारपिटीत फुटल्या. तिथे आता गारांची सूचना आली की पाट्या यंत्राने जास्तीत जास्त तिरक्या करतात, म्हणजे गार सरळ न बसता घासून जाते. आपल्या ज्या सांगाड्यांना हाताने कोन बदलण्याची सोय आहे, तिथे हेच करता येईल. मात्र गारांबरोबर वाराही असतो, म्हणून नटबोल्ट आणि पायाचे काँक्रीट आधी तपासावे.

फुटलेली पाटी दिसते, तडकलेली दिसत नाही. काचेला बारीक चीर गेली की तिच्यातून ओल आत जाते, मागची जोडपेटी गंजते आणि वर्षभराने पंप पाणी कमी ओढू लागतो. योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पण त्याचा उपयोग कागद जवळ असेल तरच. पंप बसल्या दिवशीच पाट्यांचे फोटो, त्यांच्या मागचे क्रमांक, हमीपत्र आणि पुरवठादाराचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. गारपीट झाल्या दिवशी पुन्हा फोटो काढून त्याच दिवशी तक्रार करावी. चार महिन्यांनी ‘गार लागली होती’ म्हणून सांगितले तर कोण ऐकणार?

कोरडी पाहणी

आता मुद्दा जबाबदारीचा. डीपी महावितरणची, मोटर शेतकऱ्याची, पाणीपुरवठ्याचा पंप आणि पॅनेल ग्रामपंचायतीचे, सौर पाटी पुरवठादाराच्या हमीतली. प्रत्येकाची हद्द ठरलेली. पण ओलीला हद्द कळत नाही. डीपीतली ओल विहिरीवरची मोटर बंद पाडते, विहिरीवरचा ऑटो डीपीवर ताण आणतो आणि दोन्हीमुळे पंचायतीच्या टाकीत पाणी चढत नाही. वायरमनकडे गावे जास्त आणि हात दोनच. त्यामुळे कुणीतरी सगळे एकत्र बघणारे हवे. ते काम गावाशिवाय दुसरे कुणी करणार नाही.

यासाठी नवी समिती, नवा निधी असले काही नको. १ मेची ग्रामसभा असतेच. एप्रिल महिन्यात गावातल्या चार-सहा जाणत्या पोरांनी डीपीवार फिरून एक यादी करावी. डीपीचा क्रमांक, खड्यांचा रंग, तेलाची गळती, कुंपण, अर्थिंगची तार, किती पेट्यांना दार नाही, पाणीपुरवठ्याच्या पॅनेलवर छप्पर आहे का, एवढेच रकाने. हे काम जाणणारी मुले या भागात आहेत. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हापासून वीज, वेल्डिंग, बांधकाम हाताने शिकलेल्या तरुणांच्या कितीतरी तुकड्या तिथून बाहेर पडल्या. पंचायतीने एक मेगर विकत घेऊन अशा एखाद्या जाणकाराच्या हाती दिला तर गावातल्या सगळ्या मोटरी पावसाआधी तपासून होतील.

ती यादी १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. महावितरणची कामे अर्जाने त्यांच्याकडे, शेतकऱ्याची शेतकऱ्याकडे, पंचायतीची भाऊसाहेबांकडे, आणि सगळ्यांना मुदत १५ मे. रोहिणी २५ तारखेला निघतात, पण २०२५ ने दाखवून दिले की पाऊस रोहिणीसाठी थांबत नाही. यादी वाचल्याने आणखी एक फायदा होतो. पुढे डीपी जळाली आणि कारणांची टोलवाटोलवी सुरू झाली, तर गावाच्या दप्तरात तारखेसह लिहिलेले असते की खडे गुलाबी होते आणि ते कळवले होते. पंचनाम्यात मोटरीला रकाना मिळावा असा ठराव करायचा, तर त्यालाही हीच यादी आधार होईल. आपल्याकडे मोटरी किती आणि दरवर्षी किती जळतात, हे ज्या गावाला सांगता येत नाही, त्याचे गाऱ्हाणे वर कोण धरणार?

‘एवढं कोण करतंय?’ हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर असे की, टँकरच्या यादीसाठी आपण हेच करतो. किती खेपा, कुठली वस्ती, किती माणसे, सगळे लिहून देतो, कारण त्याशिवाय पाणी मिळत नाही. पाणी नसतानाची वही गावाने नीट ठेवली आहे. पाणी येईल त्या दिवसासाठी तशीच दुसरी वही उघडायची, एवढेच करायचे आहे. केंदूरसारख्या गावात वर्षातून थोडेच दिवस पाऊस पडतो. त्या थोड्या दिवसांच्या पाण्यावर वर्ष काढायचे असेल तर ते उपसणारी मोटर त्या दिवसांत शाबूत राहिली पाहिजे.